छपराच्या कडेला बर्फ, दुखणं माळ्यावर

न्यू जर्सी, मॅसॅच्युसेट्स, मिशिगन, मिनेसोटा, ओंटारिओ या पट्ट्यात घर घेतलेल्या मराठी कुटुंबांना पहिल्या एक-दोन हिवाळ्यांत छपराच्या कडेला लोंबणारे बर्फाचे सुळे फार आवडतात. ऊन पडलं की ते चमकतात, मुलं ते मोडून हातात घेतात, फोटो भारतात जातात. पण एखाद्या घराला हातभर लांबीचे जाडजूड सुळे रांगेनं लागले असतील, तर त्या घरातली ऊब छपरातून बाहेर पळते आहे असं समजावं. फेब्रुवारीपर्यंत वरच्या मजल्यावरच्या एखाद्या खोलीत तपकिरी डाग उमटण्याची शक्यताही बरीच असते.

सुळ्यांच्या मागे, छपराच्या कडेवर, बर्फाचा एक बांध तयार होतो. त्याला इथे आइस डॅम म्हणतात. हिवाळ्यात छपराचं आणि पन्हळींचं जे नुकसान होतं, त्यातलं बरंचसं या बांधामुळे होतं. तो कसा तयार होतो हे नीट कळलं तर पुढची सगळी कामं आपोआप सुचतात, आणि कंत्राटदार काय विकतो आहे हेही ओळखता येतं. म्हणून आधी तेच सविस्तर बघू.

छपरावर फूटभर बर्फ आहे आणि बाहेर उणे सहा-सात अंश सेल्सिअस तापमान आहे असं धरा. या हवेत बर्फ वितळायचं काही कारण नाही. पण घरात हीटिंग वीस-एकवीस अंशांवर लावलेलं आहे. त्यातली थोडी ऊब सीलिंगमधून वर माळ्यावर, म्हणजे ॲटिकमध्ये जाते आणि छपराच्या फळ्यांना खालून तापवते. ताज्या भुसभुशीत बर्फात बहुतांश हवाच असते, त्यामुळे तो उष्णता अडवून धरतो. खालून आलेली ऊब त्याच्या आड कोंडते. फळ्यांचं तापमान शून्याच्या वर सरकलं की छपराला टेकलेला बर्फाचा सगळ्यात खालचा थर वितळू लागतो. अंगणातून बघणाऱ्याला काही कळत नाही. पाणी बर्फाच्या आडून उतारावरून खाली निघालेलं असतं.

ते वळचणीशी येऊन थांबतं. भिंतीच्या बाहेर फूट-दीड फूट आलेल्या त्या भागाखाली घर नाही, म्हणून ऊबही नाही. तिथलं छप्पर बाहेरच्या हवेइतकंच गार असतं. पाणी तिथे पोचतं आणि गोठतं. दुसऱ्या दिवशी आणखी थोडं येतं, तेही गोठतं. थंडीची एक लाट आठवडाभर टिकली तर कडेवर पक्क्या बर्फाचा वरंबा उभा राहतो. आता वरून येणाऱ्या पाण्याला वाटच उरत नाही, आणि वरंब्यामागे छपरावर डबकं साचतं.

छप्पर डबक्यासाठी बांधलेलंच नसतं. इथल्या बहुतेक घरांवर डांबरी शिंगल असतात, आणि त्यांचं तत्त्व कोकणातल्या कौलांचंच आहे: वरचं खालच्यावर चढवायचं, म्हणजे पाणी एकावरून दुसऱ्यावर उतरत जातं. कौलारू छप्पर चार महिने धो धो पाऊस झेलतं, कारण त्यावर पाणी थांबत नाही. तेच पाणी खालून वर चढू लागलं तर कौलही हरेल आणि शिंगलही. वरंब्यामागचं पाणी शिंगलच्या खाली शिरतं, खिळ्यांच्या भोकांतून फळीत जातं, फळीतून इन्सुलेशनमध्ये, आणि तिथून सीलिंगमध्ये नाहीतर भिंतीच्या आत. भिंतीच्या आत गेलेलं पाणी पुष्कळदा खिडकीच्या चौकटीच्या वरच्या बाजूनं ठिबकतं, आणि घरमालक खिडकी गळते म्हणून ती दुरुस्त करून घेतो.

म्हणजे बांध व्हायला तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात: छपरावर बर्फ, छपराचा वरचा भाग शून्याच्या वर, आणि कड शून्याच्या खाली. बर्फ आणि थंडी आपल्या हातात नाहीत. आपल्या हातात एकच गोष्ट आहे, ती म्हणजे छपराचा वरचा भाग गार ठेवणं. ऐकायला हे उलटं वाटतं, पण थंड प्रदेशातलं निरोगी छप्पर बर्फाखाली सगळीकडे सारखंच गार असतं.

या बाबतीत एक आकडा फार उपयोगी पडतो. न्यू हॅम्पशायरमधल्या हॅनोव्हर इथे अमेरिकी लष्कराची शीतप्रदेशांवर संशोधन करणारी प्रयोगशाळा आहे. तिथल्या अभियंत्यांनी १९९०च्या दशकात सुचवलेला निकष असा: बाहेर २२ अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे उणे साडेपाच सेल्सिअस असताना, माळ्यावरचं तापमान ३० अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे साधारण उणे एकच्या वर जाऊ नये. एक साधा वायरलेस थर्मामीटर माळ्यावर ठेवून द्या आणि बाहेर विशीच्या आसपास फॅरनहाइट असताना आकडा बघा. तो चाळीस किंवा पंचेचाळीस दाखवत असेल तर बांध होणारच. मग पन्हळी कितीही महागाच्या असोत.

बॉस्टनकरांनी हे २०१५मध्ये मोठ्या प्रमाणावर अनुभवलं. त्या मोसमात तिथे एकूण ११०.६ इंच बर्फ पडला, आणि तो शहराच्या नोंदींतला उच्चांक आहे. त्यातला मोठा वाटा जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यापासून पुढच्या काही आठवड्यांत पडला, आणि मध्ये बर्फ वितळून जाईल अशी उघडीप जवळजवळ मिळालीच नाही. एरवी ज्या घरांना कधी त्रास झाला नव्हता त्यांच्याही भिंतींतून पाणी आलं. ऊब आधीपासूनच गळत होती. फक्त इतका बर्फ इतके दिवस छपरावर कधी टिकला नव्हता.

ऊब नेमकी गळते कुठून

बहुतेक लोक इथे इन्सुलेशनचं नाव घेतात. माझ्या मते क्रम त्याआधी सुरू होतो. इन्सुलेशन उष्णतेचं वहन मंदावतं, पण फटीतून सरळ वर जाणारी गरम हवा त्याला फारशी अडवता येत नाही. फायबरग्लासच्या गुलाबी गाद्यांमधून हवा आरपार जाते. हिवाळ्यात घरातली हलकी गरम हवा सतत वर ढकलली जाते आणि सीलिंगमध्ये जिथे भोक सापडेल तिथून माळ्यावर निघते.

अशी भोकं मोजायला गेलं तर थक्क व्हायला होतं. माळ्यावर जायचं झाकण नुसतं चौकटीवर टेकवलेलं असतं. सीलिंगमधल्या गोल रिसेस्ड दिव्यांच्या कडा उघड्या असतात. संडास-बाथरूमचा व्हेंट पाइप जिथून वर जातो तिथे पाइपपेक्षा भोक मोठं कापलेलं असतं. धुराड्याभोवती दोन-दोन इंचांची पोकळी असते. आतल्या भिंतींच्या माथ्यावर, वायरी जिथून वर येतात तिथे, बारीक भोकं असतात. आणि काही घरांत हीटिंगचे डक्टच माळ्यावरून नेलेले असतात, त्यांचे सांधे सुटलेले असतात, आणि भट्टी, म्हणजे घर तापवणारा फर्नेस, सरळ माळाच गरम करत राहते.

हे शोधायला उदबत्ती पुरते. थंड, वाऱ्याच्या दिवशी माळ्याच्या झाकणाखाली, दिव्यांच्या कडेशी, बाथरूमच्या पंख्याजवळ पेटती उदबत्ती धरा. धूर सरळ वर खेचला गेला तर तिथे गळती आहे. हे खोलीतूनच करा, पेटती उदबत्ती घेऊन माळ्यावर चढू नका. माळ्यावर टॉर्च घेऊन गेलात तर दुसरी खूण दिसेल: जिथून वर्षानुवर्षं हवा आली आहे तिथलं फायबरग्लास गाळणीसारखी धूळ धरून काळं पडलेलं असतं. व्यावसायिक तपासनीस घराच्या दारात मोठा पंखा बसवून आतली हवा बाहेर खेचतात आणि बाहेरची हवा कुठून घुसते ते इन्फ्रारेड कॅमेऱ्यानं बघतात. मॅसॅच्युसेट्समध्ये मॅस सेव्ह या योजनेखाली घराची ऊर्जा-तपासणी विनामूल्य मिळते. इतर अनेक ठिकाणीही वीज किंवा गॅस कंपनी अशी सोय ठेवते, त्यामुळे पैसे खर्च करण्याआधी तिथे एक फोन करा.

फटी बुजवायचं काम बहुतांशी स्वस्त आहे. फोम, कॉक (फटीत भरायचं लुकण), झाकणाला रबरी पट्टी आणि वरून इन्सुलेशनचा तुकडा एवढ्यावर भागतं. धुराड्याभोवती मात्र साधा फोम चालत नाही. तिथे पत्रा आणि आगीला टिकणारं सीलंट लागतं, आणि ते काम जाणकाराला द्या. घर १९९०च्या आधीचं असेल आणि माळ्यावर अभ्रकासारखे चमकणारे दाणे पसरलेले दिसले, तर ते व्हर्मिक्युलाइट असू शकतं आणि त्यात ॲस्बेस्टॉस असण्याचा धोका असतो. त्याला हात न लावता आधी तपासणी करून घ्या.

आपल्या घरांच्या बाबतीत एक गोष्ट मुद्दाम सांगतो. आपला स्वयंपाक वाफेचा असतो. कुकरच्या शिट्ट्या, उकळत्या डाळी, भाताचं वाफाळतं पातेलं, त्यात हिवाळ्यात खोलीत लावलेले ह्युमिडिफायर. ही दमट हवा माळ्यावर पोचली की थंड फळ्यांवर आणि खिळ्यांच्या टोकांवर दव गोठतं. माळ्यावर फळ्या पांढऱ्या झालेल्या दिसतात. मग एका उबदार दुपारी ते सगळं एकदम वितळतं आणि सीलिंगवर डाग पडतो. लोक छप्पर गळलं म्हणून रूफरला बोलावतात, पण छप्पर शाबूत असतं. म्हणून स्वयंपाकघराचा पंखा हवा खरोखर घराबाहेर टाकतो का ते बघा. बरेच पंखे जाळीतून गाळून ती परत खोलीतच सोडतात. बाथरूमच्या पंख्याची नळी माळ्यावरच मोकळी सोडलेली नाही ना, हेही बघा. घर विकत घेताना हे सहसा कुणी बघत नाही, आणि मला ते फार महत्त्वाचं वाटतं.

फटी बुजवल्या की मग इन्सुलेशन. थंड राज्यांत माळ्यासाठी आर-४९ ते आर-६० सुचवतात. आकडा जितका मोठा, तितका उष्णतेला अडथळा जास्त. उडवून पसरायचं सेल्युलोज इंचाला साधारण साडेतीन देतं, म्हणजे आर-४९साठी सुमारे १४ इंच जाड थर. माळ्यावर पट्टी घेऊन जा आणि मोजा. जुन्या घरांत चार-सहा इंचच निघतात. थर वाढवताना वळचणीकडची हवेची वाट मात्र बुजू देऊ नका. वळचणीखालच्या जाळ्यांमधून थंड हवा आत यावी आणि आढ्याजवळच्या रिज व्हेंटमधून बाहेर पडावी, म्हणजे चुकून आलेली ऊब ती घेऊन जाते. यासाठी वाशांच्या मध्ये पुठ्ठ्याचे किंवा प्लास्टिकचे बॅफल, म्हणजे हवेची वाट मोकळी ठेवणारे पत्रे, लावतात. पण सीलिंगला भोकं तशीच ठेवून नुसते व्हेंट वाढवले तर घरातली गरम हवा आणखी जोरात वर खेचली जाऊ शकते. म्हणून क्रम पाळा: आधी फटी, मग थर, मग वारा.

तिरकं सीलिंग असलेल्या खोल्या, स्कायलाइटच्या कडा, दोन पाखी जिथे मिळतात ती खोबण, माळ्यावर काढलेली निजायची खोली या जागा अवघड असतात, कारण तिथे वाशांच्या जाडीएवढीच जागा मिळते. तिथला उपाय बहुधा पुढच्या वेळी छप्पर बदलताना करायचा असतो. तेव्हा शिंगलखाली चिकटणारा जलरोधक पडदा कडेपासून वर किती नेणार हे करारात लिहून घ्या. जिथे आइस डॅम होतात अशा भागांत बांधकाम नियमांप्रमाणे तो बाहेरच्या भिंतीच्या रेषेच्या आत किमान २४ इंचांपर्यंत जायला हवा. तो बांध थांबवत नाही, पण आत शिरू पाहणारं पाणी अडवतो.

पन्हळींचं काय

पन्हळीमुळे बांध होतो ही समजूत पक्की आहे, पण ती बरोबर नाही. पन्हळ नसलेल्या घरांनाही बांध होतात. तरीही तुंबलेली पन्हळ हिवाळ्यात स्वतःचं नुकसान करून घेतेच. पाच इंची नेहमीच्या पन्हळीत फुटाला साधारण साडेचार लिटर पाणी मावतं. चाळीस फुटांची पन्हळ गोठून भरली तर पावणेदोनशे-एकशेऐंशी किलो वजन तिच्या आधारांवर येतं. जुन्या घरांत हे आधार म्हणजे लांब खिळे असतात. ते बर्फाच्या ओढीनं हळूहळू बाहेर येतात आणि पन्हळ पुढे झुकते. स्क्रूनं बसणारे लपलेले हँगर जास्त तग धरतात, आणि बर्फाच्या प्रदेशात ते जवळ जवळ लावून घ्यावेत.

साफसफाईची वेळ शेवटचं झाड मोकळं झाल्यावरची. न्यू जर्सीत ती बहुतेक नोव्हेंबरच्या उत्तरार्धात येते. ऑक्टोबरात साफ केलेली पन्हळ ओकची पानं गळली की परत भरते. साफ केल्यावर नळीनं पाणी सोडून बघा. ते दहा फुटांना पाव इंच उतारानं डाउनस्पाउटकडे, म्हणजे पन्हळीतून खाली येणाऱ्या नळीकडे जायला हवं, आणि नळीच्या खालच्या तोंडातून घराच्या पायापासून चार-सहा फूट लांब पडायला हवं. ते पायवाटेवर पडत असेल तर तिथे जानेवारीत काच पसरल्यासारखा बर्फ होतो आणि म्हाताऱ्या माणसांची हाडं मोडतात. सुटीवर आलेले आईवडील घरात असतील तर हे आधी करा. पन्हळीवरच्या जाळ्या पानांसाठी उपयोगी आहेत, बर्फासाठी नाहीत.

कडेवर नागमोडी बसवलेली हीट केबल बऱ्याच घरांवर दिसते. ती फुटाला पाच वॅट घेते असं धरलं तर शंभर फुटांची केबल दिवसभरात बारा युनिट वीज खाते. अवघड कोपऱ्यासाठी ती ठीक आहे. पूर्ण घराला लावणं म्हणजे आतून गळणाऱ्या उष्णतेचे पैसे भरून बाहेरून आणखी उष्णता विकत घेणं.

बांध झालाच असेल तर

ताजा बर्फ असताना जमिनीवर उभं राहून रूफ रेकनं कडेपासून तीन-चार फूट वरपर्यंतचा बर्फ ओढून घ्या. हे लांब दांड्याचं हलकं फावडं हार्डवेअरच्या दुकानात मिळतं. शिंगल खरवडू नयेत म्हणून इंचभर थर राहू द्या. वीजवाहक तारांपासून दांडा दूर ठेवा, आणि बर्फ डोक्यावर पडणार नाही असे बाजूला उभे राहा. शिडीवर चढून हे काम करू नका.

पक्का बर्फ झाल्यावर कुऱ्हाड, हातोडा, गॅसची टॉर्च यांपैकी काहीही छपरावर नेऊ नका. थंडीत शिंगल ठिसूळ होतात आणि बर्फासोबत तुटून येतात. साधं मीठ धातू आणि खालची झाडं दोन्ही खराब करतं, आणि कडक थंडीत ते कामही करत नाही. पाणी आत यायला लागलं असेल तर कॅल्शियम क्लोराइड भरलेला लांब मोजा बांधावर उभा, म्हणजे पन्हळीला काटकोनात, टाकतात. तो वितळत वितळत पाण्यासाठी एक चिंचोळी वाट काढतो. ही तात्पुरती सोय आहे. खरा उपाय वाफेनं बर्फ कापणारे लोक बोलावणं हाच. बोलावताना यंत्र वाफेचं आहे की जोरदार गरम पाण्याचं हे विचारा, कारण जोराचं पाणी शिंगलवरचे खडे उडवतं.

आत सीलिंग फुगून पोट काढलं असेल तर आधी त्या भागातल्या दिव्याचा ब्रेकर बंद करा. खाली बादली ठेवा आणि स्क्रूड्रायव्हरनं मधोमध लहान भोक पाडा. पाणी एका जागी उतरतं आणि पूर्ण सीलिंग कोसळत नाही. फोटो काढा आणि विमा कंपनीला त्याच दिवशी कळवा. आतल्या नुकसानीची भरपाई अनेक पॉलिसींत मिळते, पण बर्फ काढायचा खर्च बऱ्याचदा धरत नाहीत.

वजनाची भीती सहसा असते त्याहून जास्त वाटते. चांगल्या स्थितीतलं घराचं छप्पर चौरस फुटाला निदान वीस पौंड पेलतं असं धरतात. ताजा हलका बर्फ फूटभर असेल तर तो सुमारे पाच पौंड भरतो, म्हणजे चार फुटांपर्यंत चिंता नाही. जुना, दबलेला, पावसानं भिजलेला बर्फ मात्र तीन ते पाच इंचांतच ते पाच पौंड भरतो, आणि नुसता पक्का बर्फ जेमतेम इंचभरात. वरच्या मजल्यावरची दारं अचानक घट्ट बसू लागली, सीलिंगला नव्या भेगा गेल्या, कडकड आवाज आले तर घर सोडून बाहेर या आणि मग फोन करा.

टाउनहाउसमध्ये राहत असाल तर छप्पर बहुधा असोसिएशनच्या ताब्यात असतं, पण सीलिंगच्या खालचं सगळं तुमचं. मधला माळा कुणाचा हे नियमावलीत शोधा आणि गळती झाल्यास लेखी कळवा. शेजारच्या चार घरांच्या छपरांवर बर्फ टिकलेला आणि तुमच्याच छपरावर काळे पट्टे उघडे पडलेले असतील तर तोही फोटो सोबत जोडा. त्याहून चांगला पुरावा नाही.

डिसेंबर-जानेवारीत लग्नकार्यासाठी तीन-चार आठवडे भारतात जाणारी कुटुंबं पुष्कळ आहेत, आणि घरांचं नुकसान याच दिवसांत लक्षात येत नाही. जाताना हीटिंग ५५ फॅरनहाइटच्या, म्हणजे तेरा सेल्सिअसच्या खाली नेऊ नका. पाण्याचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करा. कुणाला तरी किल्ली देऊन ठेवा, आणि प्रत्येक मोठ्या बर्फानंतर तीन जागा बघायला सांगा: वरच्या मजल्यावरच्या बाहेरच्या भिंती, उत्तरेकडची वळचण, आणि घराच्या बाजूला भट्टीचे दोन पांढरे प्लास्टिकचे पाइप बाहेर आलेले असतात ती जागा. ते पाइप बर्फात गाडले गेले तर भट्टी बंद पडते किंवा विषारी कार्बन मोनॉक्साइड घरात साचू लागतो. तुम्ही घरी असतानाही, बर्फ थांबल्यावर फावडं घेऊन ड्राइव्हवेकडे वळण्याआधी ते पाइप मोकळे करा.